लॉनच्या डागडुजीला माती किती? नागपूरच्या अंगणासाठी ब्रासचा हिशेब

मातीवाल्याला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती ब्रास पाठवू?" ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपण अंगणाकडे एक नजर टाकतो आणि "एक पाठवा" म्हणून मोकळे होतो. सहाशे चौरस फुटांच्या आसपासच्या लॉनची नेहमीची डागडुजी एक तृतीयांश ब्रासमध्ये होते. उरलेली माती फाटकाशी पडून राहते आणि मृगाच्या पहिल्या सरीत नालीत जाते. किंवा "आता आणलीच आहे तर टाकून द्या" असे कोणीतरी म्हणते, माळी सगळी ब्रास अख्ख्या लॉनवर दोन इंच पसरतो आणि धड असलेले गवतही खाली गुदमरते. हे दुसरे नुकसान जास्त महागाचे.

अंदाज चुकतो तो गुणाकारात नाही. लांबी गुणिले रुंदी सगळ्यांना येते. चूक होते ती संपूर्ण लॉनला एकच खोली धरण्यात. दुरुस्तीच्या लॉनवर तीन वेगळी कामे असतात: खड्डे भरणे, टक्कल पडलेल्या जागा नव्याने तयार करणे आणि बाकी गवतावर पातळ थर देणे. तिघांची खोली वेगळी, माती वेगळी, म्हणून हिशेबही वेगळा. एवढे पाळले तर पुढचे सगळे शाळेतले गणित आहे.

दिवस कोणते धरायचे

नागपुरात या कामाला महाशिवरात्र ते होळी हा काळ धरावा. डिसेंबर-जानेवारीत हरळी वर्गातले लॉन पिवळे पडते, वाढ जवळपास थांबते. त्या झोपलेल्या गवतावर माती टाकली तर ते वर यायला महिना लावते आणि तोवर तण पुढे जाते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर रात्री उबदार व्हायला लागतात, गाठींतून हिरवे कोंब दिसू लागतात. तेव्हा माती टाकली की गवत दोन-तीन आठवड्यांत तिच्यातून डोके काढते. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मग नवी माती वरून भाजून निघते आणि ती ओली ठेवायला लागणारे पाणी कोणत्याच वस्तीत सहज मिळत नाही. होळी हुकली तर सरळ जुलैवर ढकलावे, पहिले दोन चांगले पाऊस होऊन गेल्यावर. एप्रिल-मेमध्ये घाईने केलेले काम पुन्हा करावेच लागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारा येतात, हे मात्र लक्षात ठेवावे. ढगाळ हवामानाचा इशारा असेल त्या आठवड्यात माती मागवू नये. मोकळी माती एका सरीत उताराच्या टोकाला जाऊन बसते.

गवत कोणते आहे तेही आधी पाहून घ्यावे. हरळी किंवा तिच्यातलेच सिलेक्शन नंबर वन असेल तर ते जमिनीवरून आणि जमिनीखालून पसरते, अर्धा इंच मातीतून सहज वर येते. मेक्सिकन म्हणून विकले जाणारे दाट, मऊ गवत संथ असते. त्याच्यावर एका वेळी पाव इंचापेक्षा जास्त थर देऊ नये. हा फरक पुढे हिशेबात थेट उतरतो.

मापायच्या आधी जमीन वापशावर आणा

पश्चिम नागपूर बेसॉल्टवर बसले आहे, पूर्वेकडे नाईस-शिस्टसारखे जुने खडक आहेत, उत्तरेला कामठीकडे पिवळसर वालुकाश्म लागतो आणि कन्हानच्या बाजूला गाळाची जमीन. म्हणजे एकाच शहरात दोन अंगणांची माती सारखी असेलच असे नाही. देशभरच्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचे मुख्यालय आपल्या अमरावती रोडवर आहे आणि आपण मात्र आपल्या अंगणातली माती कोणती हे न पाहता ट्रॉली बोलावतो.

बहुतेक जुन्या ले-आउटमध्ये खाली काळी, चिकण माती निघते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. म्हणून कोरड्या ठाक जमिनीवर घेतलेले माप खोटे असते. मापाच्या दोन दिवस आधी लॉनला खोलवर पाणी द्या आणि वापसा येऊ द्या: पाय रुतत नाही, पण मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने फुटतो, अशी अवस्था. या अवस्थेत दिसणारा खड्डा खरा खड्डा.

भेगा हिशेबात धरायच्याच नाहीत. भेगेत माती भरणे हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे, आणि तो करू नये. पावसात खालची काळी माती फुगली की तिला पसरायला जागा हवी असते. ती जागा आपण भरून टाकली असेल तर जमीन वर उचलली जाते आणि जुलैमध्ये लॉनवर उंचवटे येतात. भेगेला पाणी द्या, वरून बारीक चाळलेले खत भुरभुरा, बस्स.

मापाच्या आदल्या दिवशी गवत इंचभर उंचीपर्यंत कापून घ्या आणि दाताळ्याच्या पंजाने विंचरून खालचा वाळलेला थर काढा. तो थर अर्धा इंच जाड असला तर पट्टी त्याच्यावर टेकते, जमिनीवर नाही. एखाद्या अंगणात एवढ्याने खड्ड्यांची संख्याच बदलते.

याच वेळी प्रत्येक खड्डा का पडला ते शोधा. गाडीच्या चाकांचे दोन पट्टे दिसतातच. लांब, सरळ, हातभर रुंद खोलगट पट्टा असेल तर खाली कधीतरी पाइपसाठी चर खणलेला असणार. तो अजून एक-दोन पावसाळे बसत राहील. आजूबाजूचे सगळे कोरडे असताना एकच जागा ओली आणि जास्त हिरवी असेल तर पाइप गळतो आहे, आधी प्लंबर. कुंपणाकडेला मोठी बिळे आणि पोकळ जमीन असेल तर घूस. तिथे माती ओतत राहिलात तर ट्रॉलीभर जाईल आणि खड्डा तसाच राहील. सेप्टिक टँकच्या कडेची जमीन खचत असेल तर तो मातीच्या हिशेबाचा विषयच नाही, गवंडी बोलवा.

कागद, टेप, सुतळी

चौकटीच्या वहीचे एक पान घ्या, एक चौकोन म्हणजे एक फूट. लॉनची बाह्यरेषा काढा. अंगण इंग्रजी एलच्या आकाराचे असेल तर त्याचे दोन आयत करा, तिरका कोपरा असेल तर त्रिकोण: पाया गुणिले उंची भागिले दोन. पायवाट, तुळशीवृंदावन, फुलझाडांचे वाफे वजा करा. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत गवत तग धरत नाही, त्या जागेवर माती वाया घालवू नका. तिथला गोल वजा करून टाका. गोलाचे क्षेत्रफळ म्हणजे व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८, आणि लांबट खड्ड्याचे लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७८. हा ०.७८ लक्षात ठेवला की पाय-आर-वर्ग आठवत बसावे लागत नाही.

आता खोली. इथे मात्र वेळ द्या, कारण अर्ध्या इंचाची चूक इथे जितकी महाग पडते तितकी फुटाची चूक लांबीत पडत नाही. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना धड जमिनीवर खुंट्या ठोका आणि जमिनीला टेकेल अशी सुतळी ताणून बांधा. लहान खड्ड्याला गवंड्याची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवली तरी चालते. मग दर फुटावर सुतळीपासून जमिनीपर्यंत पट्टीने माप घ्या, सगळी मापे बेरजेला लावा, मापांच्या संख्येने भागा. ती सरासरी खोली.

मापे घ्यायचा कंटाळा असेल तर खड्ड्याच्या आकारावरून चालेल. वाटीसारख्या गोलसर खड्ड्याची सरासरी खोली ही मधल्या सर्वांत जास्त खोलीच्या निम्मी धरा. चाकाच्या पट्ट्याचा तळ बराचसा सपाट असतो, तिथे मधल्या खोलीच्या तीन-चतुर्थांश धरा. कडा उभ्या आणि तळ सपाट, म्हणजे खणून काढलेला भाग असेल तर पूर्ण खोली. मध्ये चार इंच दिसले म्हणून सगळीकडे चार इंच धरायचे, यातच दुप्पट माती मागवली जाते.

मोठ्या भागाची पातळी काढताना सुतळी पाणसळ, म्हणजे अगदी समपातळीत, बांधू नका. आपल्याकडचा पाऊस तासाभरात अंगण भरून टाकतो, त्याला घराकडून फाटकाकडे किंवा नालीकडे जायला उतार हवा. दहा फुटांना दीड इंच उतार पुरेसा आहे. घराकडची खुंटी उंच, नालीकडची तेवढ्या हिशेबाने खाली, आणि त्या तिरक्या सुतळीपासून खोली मोजा. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी असेल तर हे काम दोघांना दहा मिनिटांचे आहे. पाणसळ सुतळीवर मोजले तर उताराच्या टोकाला उगाच चार-पाच इंच भर दिसते, आणि ती भर टाकली तर पाणी घराच्या जोत्याशी परतते. माती कोणत्याही परिस्थितीत जोत्याच्या संरक्षक पट्टीच्या वर जाता कामा नये, आणि झाडाच्या बुंध्याला टेकता कामा नये.

एक सूत्र, एक आकडा

चौरस फूट गुणिले इंच, भागिले १२. उत्तर घनफुटांत. त्याला १०० ने भागले की ब्रास.

याच्यातून निघणारा एक सोयीचा आकडा पाठ करून ठेवा: बाराशे चौरस फुटांवर एक इंच म्हणजे बरोबर एक ब्रास. अर्धा इंच असेल तर तीच ब्रास चोवीसशे फुटांना पुरते, पाव इंच असेल तर अठ्ठेचाळीसशे फुटांना. फोनवर कोणी "तुमच्या सहाशे फुटांना दोन ब्रास लागेल" म्हणाले तर तो तुमच्या लॉनवर चार इंच माती टाकायला निघाला आहे हे तुम्हाला लगेच कळेल.

लहान मापांसाठी: एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. रंगाची २० लिटरची रिकामी बादली जवळजवळ प्रत्येक घरात असते, तशा दहा बादल्या म्हणजे सात घनफूट. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत सव्वा घनफूट माती धरावी. घमेल्याचे माप सांगण्यात अर्थ नाही, प्रत्येकाचे वेगळे. आपले घमेले बादलीत किती वेळा रिकामे होते ते एकदा मोजून ठेवा.

एका अंगणाचा पूर्ण हिशेब

समजा घरासमोर ३६ बाय २० फुटांचे लॉन आहे: ७२० चौरस फूट. मधून तीन फूट रुंद पायवाट जाते, २० फुटांची: ६० वजा. कोपऱ्यात कडुनिंब, त्याच्या दाट सावलीचा दहा फूट व्यासाचा गोल: ७८ वजा. उरले ५८२.

खड्डे. गाडी आत घेताना पडलेले चाकांचे दोन पट्टे, प्रत्येकी १४ फूट लांब, एक फूट रुंद, सरासरी दोन इंच खोल. १४ गुणिले २ भागिले १२ म्हणजे २.३३ घनफूट, दोन पट्ट्यांचे ४.६७. बोअरच्या बाजूला ८ बाय ५ फुटांचा लांबट, वाटीसारखा खड्डा, मध्ये चार इंच खोल. क्षेत्रफळ ८ गुणिले ५ गुणिले ०.७८ म्हणजे ३१.२, सरासरी खोली दोन इंच, म्हणून ५.२ घनफूट. खड्ड्यांची बेरीज ९.८७.

टक्कल. चार-पाच ठिकाणी मिळून ४० चौरस फूट जागा उघडी आहे. तिथली जुनी माती कुदळीने मोकळी करून तिच्यावर एक इंच नवी: ४० भागिले १२ म्हणजे ३.३३.

थर. सगळ्या ५८२ फुटांवर पाव इंच: १२.१ घनफूट. दुरुस्तीचे भाग यातून वजा करता येतील, पण फरक दोनेक घनफुटांचा आहे, राहू द्या.

निव्वळ बेरीज २५.३. याच्यावर दोन गोष्टी चढवायच्या. मोकळी माती पाणी पडल्यावर बसते, खड्डे आणि टक्कल यांच्यासाठी वीस टक्के जास्त धरा: ९.८७ चे ११.८ होतात, ३.३३ चे ४. पातळ थरावर हे चढवू नका, तो गवताच्या बुंध्यांत शिरण्यासाठीच असतो. मग चाळणीची घट: खडे, मुळ्या, ढेकळे मिळून दहा टक्के तरी जाते. ११.८ अधिक ४ अधिक १२.१ म्हणजे २७.९, त्याला ०.९ ने भागले की ३१ घनफूट.

एकतीस. म्हणजे एक तृतीयांश ब्रासला किंचित कमी. याच लॉनला सरसकट दोन इंच धरले असते तर ९७ घनफूट, जवळजवळ पूर्ण ब्रास आली असती. "एक पाठवा" हा आकडा लोकांना बरोबर का वाटतो तेही यावरून दिसते.

एकतीस घनफूट कोरडी मोकळी माती साधारण टनभर भरते. अख्खी ब्रास तीन-साडेतीन टन, ओली असेल तर आणखी जास्त. ट्रॉली फाटकातून आत येणार नसेल तर हे सगळे वजन घमेल्यांनी वाहायचे आहे, हे मजूर ठरवताना आठवावे.

सगळी माती एक नाही

एकतीस घनफूट एकाच प्रकारची मागवली तर हिशेब बरोबर असूनही काम बिघडेल.

खड्ड्यात खालच्या जमिनीसारखीच माती घाला. काळ्या जमिनीतल्या खड्ड्यात लाल माती किंवा मुरूम भरला तर पाणी दोन थरांच्या सीमेवर अडते आणि पावसाळ्यात तिथेच डबके साचते, वर गवत कितीही लावा. खड्ड्यात खतही जास्त घालू नये. खत कुजते, आटते, आणि वर्षभरात खड्डा परत दिसायला लागतो. आपल्या परसातला वाफा किंवा शेजारच्या प्लॉटवर पायासाठी निघालेली वरची फूटभर माती असेल तर खड्ड्यांसाठी त्यापेक्षा चांगले काही नाही. पायाच्या खड्ड्यातली खोलची पिवळट, चुनखडीचे खडे असलेली माती मात्र नको. हातात घेऊन तिच्यावर लिंबाचा रस पिळा, फसफसली तर परत पाठवा.

टक्कल आणि थर यांच्यासाठी मिश्रण: दोन भाग पोयट्याची (ना फार चिकण, ना फार रेताड) माती, एक भाग नदीची बारीक रेती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. मिश्रणात एक गंमत होते. रेती आणि खताचे कण मातीच्या पोकळ्यांत शिरतात आणि चार घमेल्यांचे साडेतीन-पावणेचारच भरतात. म्हणून घटक दहा टक्के वाढवून घ्यावे. आपल्या उदाहरणात मिश्रण हवे १६.१ भागिले ०.९ म्हणजे १८ घनफूट, त्यासाठी घटक २०: माती १०, रेती ५, खत ५. खड्ड्यांची माती १३. एकूण माती २३ घनफूट, म्हणजे १९ गोण्या, आणि रेती व खत प्रत्येकी चार गोण्या. मातीवाल्याला हे सांगायचे, "एक ब्रास" नाही.

पोयट्याची माती मिळाली नाही आणि हातात फक्त काळीच असेल तर मिश्रणातून रेती वगळा. काळ्या चिकण मातीत थोडी रेती मिसळली की ती भुसभुशीत होते, हा समज घट्ट आहे, पण प्रत्यक्षात रेतीचा वाटा निम्म्यापेक्षा बराच जास्त नसेल तर ते मिश्रण वाळून विटेसारखे होते. अशा वेळी निम्मी काळी माती, निम्मे खत, थर पाव इंचाचाच.

धरणाचा किंवा तलावाचा गाळ शेतकऱ्याला लाभतो, २०१७ पासून राज्यात त्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजनाही आहे. लॉनवर मात्र तो पातळ थर म्हणून नको. अति बारीक असल्याने त्याची पापडी धरते आणि पाणी वरच्या वर वाहते.

खरी धास्ती तणाची. लव्हाळ्याच्या गाठी मातीतून येतात आणि एकदा लॉनमध्ये शिरल्या की वर्षानुवर्षे जात नाहीत, चाळणीतूनही बारीक गाठी निसटतात. शक्य असेल तर आधी बादलीभर नमुना आणा, पसरट घमेल्यात ओला करून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. टोकदार, चकचकीत, त्रिकोणी देठाचे कोंब आले तर ती माती कितीही स्वस्त असो, घेऊ नका. गाजर गवत आले तर तितके घाबरायला नको, ते उपटता येते. शेणखत हातात चुरून पाहा: वास शेणाचा येत असेल तर कच्चे आहे, त्याच्याबरोबर हुमणी आणि वाळवी येईल.

मागवताना

ट्रॉली किंवा टिप्पर आला की रिकामी करण्याआधी टेप लावा. आतली लांबी, रुंदी आणि मातीची उंची फुटांत मोजून गुणाकार, भागिले १००. माती कडांशी खाली आणि मध्ये उंच असते, म्हणून उंची चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. याने कोणाला राग येत नाही, रेती-मुरूम घेणारे ठेकेदार रोज हेच करतात.

माती आधीच ओतून झाली असेल तरी उपाय आहे. ढीग शंकूसारखा असतो. त्याच्या पायथ्याचा घेर टेपने मोजा, उंची काठीने. घेर गुणिले घेर गुणिले उंची, भागिले ३८. घेर १९ फूट आणि उंची अडीच फूट असेल तर ३६१ गुणिले २.५ भागिले ३८, म्हणजे पावणेचोवीस घनफूट. आपल्याला २३ माती हवी होती, बरोबर आले.

अर्ध्या ब्रासपेक्षा कमी माल द्यायला बरेच जण तयार नसतात. अशा वेळी नर्सरीतून गोण्यांनी घ्या किंवा छोटा हत्ती टेम्पोच्या दोन खेपा करा. घनफुटाला भाव जास्त पडेल, पण फाटकाशी दोन महिने ढीग राहणार नाही. गल्लीत दोन-तीन घरांना लॉन असेल तर एक ब्रास वाटून घेणे सर्वांत उत्तम.

टाकताना

माती वापशाच्या ओलीवर असताना अर्धा इंची जाळीतून चाळा, थरासाठीची पाव इंचीतून. काळी माती ओली असेल तर जाळी बुजते, कोरडी असेल तर ढेकळे दगडासारखी राहतात आणि घट दहाऐवजी तीस टक्क्यांवर जाते. हिशेब कोलमडण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

एक इंचापेक्षा कमी खोल खड्ड्यात माती थेट गवतावर टाकता येते, पण एका वेळी अर्धा इंच. पाती वर दिसत राहिली पाहिजेत. पुढचा थर तीन-चार आठवड्यांनी, गवत वर आल्यावर. त्याहून खोल असेल तर फावड्याने गवताचे दीड-दोन इंच जाड चौकोनी तुकडे मुळांसकट उचला, सावलीत ओल्या गोणपाटावर ठेवा, खड्ड्याचा तळ सब्बलीने खरवडा, माती दोन-दोन इंचांच्या थरांत भरून पायाने दाबा आणि तुकडे परत बसवा. बसवल्यावर ते आजूबाजूपेक्षा अर्धा इंच वर दिसायला हवेत, पाणी पडल्यावर खाली येतील.

टक्कल पडलेल्या जागी लॉनची तयार चटई लावणार असाल तर तिची जाडी मातीच्या हिशेबातून वजा करा. चटईला साधारण इंचभर माती असते. वर दाखवलेल्या ४० फुटांवर चटई लावली तर एक इंच नवी माती लागणारच नाही, उलट जुनी माती थोडी काढावी लागेल. चटईऐवजी गवताच्या काड्या लावणार असाल तर तीन-चार इंचांवर, गाठ मातीत आणि टोक बाहेर.

थराची माती लॉनवर फेकू नका. दर पन्नास चौरस फुटांना पाव इंचाने एक घनफूट, म्हणजे दीड बादली लागते. सुतळीने लॉनचे दहा बाय पाचचे चौकोन आखा, प्रत्येकात दीड बादलीचा ढीग ठेवा आणि मगच खराट्याच्या पाठीने किंवा पंजा उलटा धरून पसरा. असे केले नाही तर अर्ध्या लॉनवर माती संपते आणि परत फोन करावा लागतो.

नंतरचे तीन आठवडे

पहिले दहा दिवस सकाळी हलके पाणी, जोराच्या धारेने नाही, झारीने किंवा फवाऱ्याने. काड्या लावलेल्या जागांवर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी फूटभर उंचावर बांधली तर मार्चच्या उन्हात ती रोपे वाचतात. दहा दिवसांनंतर एक दिवसाआड, पण खोल. गवत अडीच इंच झाले की पहिली कापणी, तीही वरचा एक तृतीयांश भागच. काळ्या मातीवर रोलर फिरवायचाच असेल तर हलका आणि वापशावर. ओल्या जमिनीवर फिरवलेला रोलर तिला दाबून घट्ट करतो आणि मुळांची हवा बंद करतो.

खड्डे पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा थोडे बसतील, विशेषतः चराचे पट्टे. त्यासाठी खड्ड्यांच्या मातीतल्या दोन गोण्या बाजूला काढून तोंड बांधून ठेवा, जमिनीपासून वर, विटांवर, ताडपत्रीखाली. खुंट्यांच्या जागा कागदावर लिहून ठेवल्या असतील तर जुलैमध्ये त्याच जागी सुतळी बांधून किती बसले ते दिसेल आणि त्या दोन गोण्यांत काम होईल.